यम चा : एक पेला, दोन नग

मराठी माणूस 'चहाला या' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नुसता चहा नसतो. घरी आलेल्या पाहुण्यापुढे केवळ कपबशी सरकवणे आपल्याकडे जवळजवळ अपमानास्पदच मानले जाते. पोहे, शिरा, निदान चिवड्याची वाटी तरी पुढे येतेच. मुलगी पाहण्याच्या सबंध सोहळ्याला 'कांदेपोहे' हे नाव पडले, त्यातला चहा गृहीतच धरलेला. दक्षिण चीनमध्ये, कँटन शहरात आणि त्याच्या आसपासच्या मुलखात, नेमकी हीच भाषिक लकब आढळते. वेळूच्या टोपल्यांतून वाफवून येणारे 'डिम सम' खायला निघालेला तिथला माणूस 'खायला जातो' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'यम चा', म्हणजे 'चहा प्यायला जातो'. त्यातला 'चा' आणि आपला 'चहा' एकाच कुळातले आहेत. जगातल्या बहुतेक भाषांनी या पेयाचे नाव दोन चिनी उच्चारांपैकी एकावरून घेतले. फूच्येन किनाऱ्यावरचा 'ते' डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला आणि इंग्रजीत त्याचा 'टी' झाला. 'चा' मात्र खुष्कीच्या मार्गाने इराणपर्यंत आणि मकावच्या पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे पसरला. मराठी या दुसऱ्या वाटेवरची भाषा आहे.

'डिम सम' या शब्दजोडीचा शब्दशः अर्थ 'हृदयाला किंचित स्पर्श'. त्यावर काव्य रचण्याचा मोह पुष्कळांना झालेला आहे, पण व्यवहारात तिचा अर्थ आपल्या 'तोंडात टाकायला काहीतरी' एवढाच. भर चहावर आणि खाणे त्याच्या सोबतीला, ही मूळची मांडणी. ती लक्षात घेतली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावाच्या पंचक्रोशीतही 'चायनीज' हा शब्द आज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लाल रंगात ड्रॅगन रंगवलेली गाडी आता आठवडी बाजाराइतकीच ओळखीची झाली आहे. या खाद्यप्रकाराचे मूळ शोधत मागे गेलो तर मुंबई-कलकत्त्याच्या कँटनी आणि हाक्का स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचतो. मग त्याच लोकांचे सर्वांत स्वस्त, सर्वांत रोजचे आणि सर्वांत जुने खाणे आपल्याकडे का आले नाही? कँटनी लोकांची संध्याकाळ महाराष्ट्रात आली, सकाळ आली नाही. असे का झाले, हे इतिहासातच पाहावे लागते.

प्रथम ती सकाळ कशी होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कँटनमध्ये 'दोन ली'ची चहाची दुकाने होती. 'ली' हे अगदी हलके नाणे-मूल्य. दोन लीमध्ये जाड्याभरड्या पानांचा चहा मिळायचा आणि बसायला लाकडी बाक मिळायचा. सोबत तांदळाच्या पिठाची वडी किंवा वाफवलेला पाव. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, नावाडी, हातगाडी ओढणारे. पुढे यांतून बरी चहागृहे निघाली, मग मजल्यावर मजले चढलेले चहाचे वाडे. कँटनमधली 'ताव ताव क्वी' (१८८०) आणि 'लिन हेउंग' (१८८९) ही नावे त्या काळातली. वरचा मजला म्हणजे जास्त दर, ही आपल्या नाटकगृहांच्या उलट तऱ्हा तिथे रूढ झाली. परंतु इमारत उंच झाली तरी कष्टकऱ्याचे माप बदलले नाही. 'एक पेला, दोन नग' हा कँटनी बोलीतला आजही जिवंत असलेला वाक्प्रचार. झाकणाचा एक पेला चहा, त्याच्या जोडीला दोन वाफवलेले पदार्थ, आणि दिवसाला सुरुवात.

हे दोन नग कोणते? 'हार गाव' म्हणजे कोळंबीची पुरचुंडी. गव्हाच्या पिठातला चिकटपणा धुऊन काढला की जे सत्त्व उरते त्याची पारी लाटतात. ती वाफेवर अर्धपारदर्शक होते आणि आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. 'शू माय' वरून उघडे, डुकराच्या मांसाचे. 'चा शू बाव' म्हणजे भाजलेल्या गोडसर मांसाचे सारण भरलेला पांढराशुभ्र फुगीर पाव. 'चँग फन' हा तांदळाच्या पातळ ओल्या पापडाचा गुंडाळा, वरून सोयाचे पाणी. चहाच्या किटलीचे झाकण तिरके ठेवले की 'पाणी संपले' हे न बोलता कळते, आणि कुणी पेला भरला तर दोन बोटांनी मेजावर टकटक करून आभार मानतात. म्हातारी माणसे पाळीव पक्ष्याचा पिंजरा बरोबर घेऊन येत, वर्तमानपत्र वाचत आणि दोन नगांवर दोन तास काढत. दुकानदारही त्यांना उठवत नसे.

या पदार्थांची तुलना उकडीच्या मोदकाशी करण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. ती चूक नाही, पण ती कोकणी डोळ्यांनी केलेली तुलना आहे. आमच्या वऱ्हाडात गणपतीपुढे ठेवला जाणारा मोदक बहुधा तळलेला असतो. आम्हाला जवळचे वाटावे ते नागपंचमीचे दिंड. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चढवायचा नाही; म्हणून कणकेच्या पारीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि चाळणीवर वाफवायची. गव्हाची पारी, आत सारण आणि वाफ या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. म्हणजे पदार्थाचे तंत्र आम्हाला परके नव्हते. परकी होती ती चहाच्या दुकानात तो रोज विकत मिळण्याची व्यवस्था.

कँटनशी आमचा संबंधच आला नाही म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. रोहिणखेड आज आडवाटेचे गाव वाटते. मात्र पायनघाटाचा सपाट मुलूख आणि बालाघाटाचे पठार यांच्या मधल्या डोंगरपायथ्याचे हे ठिकाण दख्खनच्या राजकारणात आडवाटेला नव्हते. इ. स. १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथेच पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची निर्णायक लढाईही याच परिसरात झाली. गावातली १५८२ची मशीद त्याच शतकातली, महदवी पंथाच्या खुदावंतखानाने बांधलेली. फौजा ज्या प्रकारच्या घाटवाटांनी उतरतात, त्याच प्रकारच्या वाटांनी शांततेच्या काळात बैलांचे तांडे चालतात. वऱ्हाडचा कापूस दीर्घकाळ बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. १८२०च्या दशकात पेस्तनजी आणि विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळवला. 

मुंबई त्या कापसाचे काय करी, हा प्रश्न महत्त्वाचा. कापूस म्हटला की आपल्याला मँचेस्टर आठवते, पण तो नंतरचा अध्याय. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत मुंबईच्या कच्च्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक चीन होते, आणि १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य सागरी व्यापाराला चीनचे एकच दार उघडे होते, ते कँटन. त्या कापसात गुजरातचा वाटा मोठा. वऱ्हाडचा माल त्या बाजारात उशिरा उतरला. जाताना कापूस आणि माळव्याची अफू, येताना चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी. ज्यांच्या देणगीतून 'जे. जे.' कलाशाळा उभी राहिली ते जमशेटजी जीजीभाई तरुणपणी पाच वेळा चीनच्या सफरीवर गेले होते. या पैशात अफूचा अंश किती, याची चर्चा करताना मुंबईचे इतिहासकार अलीकडे कचरत नाहीत, हे बरेच झाले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला, तोवर कापसाची दिशा इंग्लंडकडे वळलेली होती. कँटनचे नाव आमच्या बाजारातून पुसले गेले. 'चिनी माती' आणि 'चिनी बरणी' एवढे शब्द मागे राहिले. लोणच्याला दुसरे भांडे चालत नाही म्हणून तेही राहिले असावेत!

जहाजांबरोबर माणसेही आली. महाराष्ट्रात आलेले सगळेच चिनी मात्र स्वखुशीने आलेले नव्हते. महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ मध्ये बंद झाला. त्या कैद्यांनी तिथे भाजीपाला आणि बटाटा लावला, वेताच्या टोपल्या विणल्या. महाबळेश्वरच्या बाजारात वेताच्या वस्तू घेणाऱ्या सहली या आठवणीशिवायच परततात. मुंबईत माझगावच्या गोदीभोवती जे स्थिरावले ते खलाशी, सुतार, जोडारी. नवाब टँकच्या गल्लीतले क्वान कुंगचे छोटे देऊळ १९१९चे. ते 'सी यप' लोकांचे म्हणून ओळखले जाते. 'सी यप' म्हणजे 'चार परगणे': कँटन प्रांतातले तैशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग. याच चार परगण्यांतली माणसे कॅलिफोर्नियात रेल्वेमार्ग बांधायला गेली. आपल्या हॉटेलांच्या यादीत जे 'अमेरिकन चॉप सुई' असते, त्यातले 'चॉप सुई' तैशानी लोकांचेच मानले जाते. म्हणजे हा शब्द तैशानहून मुंबईला यायला अमेरिकेचा वळसा घालून आला, आणि तैशानची सख्खी माणसे माझगावात बसलेली होती.

तरीही सॅन फ्रान्सिस्कोत डिम समची चहागृहे रुजली आणि माझगावात रुजली नाहीत. माझ्या मते याची तीन कारणे आहेत, आणि ती सारख्या वजनाची नाहीत. वस्ती लहान होती, हे उघड कारण. डिम समचा कारागीर हा साध्या आचाऱ्याहून वेगळा. पहाटे तीनला उठून शेकडो पाऱ्या लाटणारी टोळी लागते, आणि तिला पोसायला रोज सकाळी शेकडो गिऱ्हाइके लागतात. डुकराचे मांस आणि बहुसंख्य मुंबईकरांची खाण्याची बंधने हे दुसरे कारण. पण कोळंबीला मुंबईत कोण नाही म्हणणार? तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईत कष्टकऱ्याच्या सकाळची ती जागा आधीच भरलेली होती. कोपऱ्यावर इराणी होता. बन-मस्का किंवा ब्रुन आणि एक चहा, संगमरवरी मेज, वर्तमानपत्राचे एक पान शेजाऱ्याला, आणि उठवायला कुणी येत नाही. हे हुबेहूब 'एक पेला, दोन नग' होते, फक्त वाफेऐवजी भट्टीचे. एका शहरात एका वर्गाच्या सकाळी दोन चहागृहे मावत नाहीत.

साहजिकच मुंबईतला कँटनी आचारी संध्याकाळकडे आणि वरच्या वर्गाकडे वळला. चर्चगेटचे 'कामलिंग' १९३८चे, कुलाब्याचे 'नानकिंग' १९४०च्या दशकातले. पांढरे मेजपोस, गोरे अधिकारी, पारशी कुटुंबे, पुढे सिनेसृष्टीतली मंडळी. या जागा चांगल्या होत्या, मासे आणि खेकडे उत्तम रांधत. पण हमाल तिथे चहा प्यायला जाऊ शकत नव्हता. १९३८ या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाबरोबर १ सप्टेंबरला मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला उतरले. ऑक्टोबरमध्ये ते शहर जपानच्या हाती पडले. कोटणीस तोवर उत्तरेकडे गेले होते. वरच्या मजल्यावरचा चहा आणि पिंजऱ्यातले पक्षी यांची ती घडी त्या शरद ऋतूत विस्कटली आणि कँटनचे कित्येक कारागीर हाँगकाँगला पांगले. आज जगाला डिम सम ठाऊक आहे तो बव्हंशी हाँगकाँगमार्फत.

मुंबईत उरलीसुरली शक्यता १९६२ने संपवली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांत बहुसंख्य आसाम आणि उत्तर बंगालचे, आणि पुष्कळजण भारतात जन्मलेले. काहींना तिथे कित्येक वर्षे काढावी लागली. इतरत्र पोलिसांकडे नोंदी, प्रवासाला परवानगी, शेजाऱ्यांची नजर. कोटणिसांच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या समाजाने चपला शिवणाऱ्या आणि दात बसवणाऱ्या चिन्याकडे शत्रू म्हणून पाहिले, याची मराठीत फारशी नोंद झालेली दिसत नाही. त्यानंतरच्या दशकांत कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांकडे कुटुंबेच्या कुटुंबे गेली. चहागृह चालवायला आधी वस्ती लागते. ती अशी पातळ होत गेली. 

जे राहिले त्यांनी गिऱ्हाइकाला हवे ते दिले. १९७३ मध्ये 'ताज'मध्ये 'गोल्डन ड्रॅगन' उघडले आणि सिचुआनचा तिखटपणा मुंबईला कळला. त्याचेच पुढे 'शेजवान' झाले. १९७५ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले-लसूण-हिरवी मिरची परतून, सोया आणि कॉर्नफ्लॉवर घालून 'चिकन मांचुरियन' केले. मांचुरिया कँटनहून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, आणि त्या पदार्थाचा दोहोंशी संबंध नाही. तो अस्सल भारतीय पदार्थ आहे आणि तसा तो चांगलाही आहे. कोबी किंवा फ्लॉवर घालून तो शाकाहारी झाला आणि मग त्याला रोखणारे काही उरले नाही. मोठ्या आचेवर कढई, दोन मिनिटांत बशी, हा त्याचा वेग गाडीला मानवला. वाफेला धीर लागतो, गाडीला तो परवडत नाही.

भारतात ही सकाळ एका ठिकाणी मात्र टिकली. कलकत्त्याजवळच्या अछिपूरला अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अची नावाच्या चिन्याने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. तिथून या वस्तीचा इतिहास सुरू होतो. हाक्का आणि कँटनी मिळून ती हजारोंची झाली, आणि म्हणून पहाटेची न्याहारी विकणे तिथे परवडू शकले. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने कोलकात्याला गेलो असता रविवारी पहाटे साडेपाचला टिरेटा बाजार गाठला. पोद्दार कोर्टाच्या मागे रस्त्याच्या कडेला ॲल्युमिनियमची भांडी उघडली जात होती. बाव, शू माय, माशांच्या गोळ्यांचे सार. एका वृद्ध बाईंनी न बोलता द्रोणात चार नग घातले. पारी जाड होती, कोळंबीचा पत्ता नव्हता, पुस्तकातल्या हार गावाच्या पारदर्शकतेशी त्याचे नाते दूरचे. पण ते गरम होते, आजूबाजूला कामावर निघालेली माणसे उभ्याने खात होती, आणि दाम भुसावळच्या फलाटावरच्या न्याहारीपेक्षा फार अधिक नव्हते. आठ वाजेपर्यंत बहुतेक भांडी रिकामी झाली. चहा मात्र त्या बाईंकडे नव्हता. तो पलीकडच्या हिंदी बोलणाऱ्या चहावाल्याकडून मातीच्या भांड्यात घ्यायचा, भरपूर दुधाचा आणि साखरेचा. 'यम चा'मधला मूळचा 'चा' तिथेही हरवलेला आहे. चिनी विक्रेते तिथे वर्षागणिक कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी मोमोवाले बसत आहेत, असे त्या बाजाराविषयी लिहिणारे सगळेच सांगतात.

मुंबईत डिम सम शेवटी आले ते एकविसाव्या शतकात आणि लंडनहून. 'याउआचा' हे लंडनमध्ये २००४ साली निघालेले चहागृह २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. पंचतारांकित हॉटेलांनीही वेळूच्या टोपल्या आणल्या. पारी आता पारदर्शक आहे, कारागिरी बिनतोड आहे, आणि त्या संकुलाबाहेर उभ्या असलेल्या रखवालदाराच्या दिवसभराच्या मजुरीत तिथले दोघांचे जेवण बसणार नाही. हा दोष पदार्थाचा नव्हे. हाँगकाँगच्या मोंगकोक भागात २००९ मध्ये मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून आलेल्या माक क्वाय पुई या आचाऱ्याने 'टिम हो वान' नावाचे वीस-पंचवीस खुर्च्यांचे दुकान काढले. साध्या दरात तेच हार गाव आणि तेच बाव त्याने विकले, आणि लगेचच मिशेलिनने त्याला तारांकित केले. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहत. तिथे ते शक्य झाले, कारण त्या गल्लीत शिकलेले हात होते आणि सकाळी चहाला बाहेर पडणारी माणसे होती. मुंबईत ते हात आणावे लागले, म्हणून ते महाग पडले.

आमच्याकडे मलकापूर, मोताळा, बुलढाणा या पट्ट्यात चायनीजची गाडी दिवेलागणीला लागते. कढईखालच्या शेगडीचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतो. महाविद्यालयातली मुले हाफ प्लेट मांचुरियन आणि शेजवान राइस घेऊन उभी असतात. अलीकडे एखाद्या गाडीवर मोमोसाठी वाफेचा डबाही दिसतो. रात्री दहाच्या पुढे मालक ड्रॅगनवर ताडपत्री ओढतो. त्याच जागी पहाटे दुसरी गाडी उभी राहते. तिच्यावर पोह्यांची परात, शेजारी तर्रीचे पातेले आणि चहाची किटली. शेतावर आणि एसटीला निघालेली माणसे एक प्लेट पोहे, एक कचोरी आणि अर्धा कप चहा घेतात, आणि बाकावर जागा असेल तर थोडा वेळ बसतात.